तेहतीस अंश

“हा मासा नाही, ही वाम आहे,” तोमेसान म्हणाल्या. “एवढा लांब मासा मी बाजारात कधी बघितला नाही.”

कारखान्याच्या जेवणघरात आम्ही नऊजणी लांब टेबलाभोवती बसलो होतो आणि टेबलावरच्या कागदावर मी माशाचा सांगाडा काढला होता. मधे कणा, वर-खाली तिरके काटे, उजवीकडे डोकं. डोक्यात लिहिलं होतं: ‘शाळांच्या तक्रारी. आपले माउथ ऑर्गन पायपेटीशी जुळत नाहीत.’ काट्यांवर कारणं लिहायची. माणसं, माल, अवजारं, कामाची पद्धत. नागोयाहून दर महिन्याला येणाऱ्या शिओमी गुरुजींनी ही रीत शिकवली होती. खरं कारण हाती लागेपर्यंत काट्याला काटा जोडत जायचं. एक कागद पुरला नाही म्हणून मी दुसरा डिंकाने चिकटवला होता, आणि त्यामुळे मासा लांबला होता.

“वाम तर वाम,” हारुयो म्हणाली. हारुयो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. “आपल्या गावचीच आहे. भाजली तर नऊजणींना पुरेल.”

“तू भाजशील आणि तूच खाशील,” तोमेसान म्हणाल्या.

हामामात्सुमधल्या त्या कारखान्यात आम्हा मुलींचं गुणवत्ता मंडळ होतं. आठवड्यातून एकदा, काम सुटल्यावर अर्धा तास. चहा कारखान्याचा, संत्री जिची तिची. मी मंडळाची प्रमुख होते. फार हुशार होते असं नाही, अक्षर चांगलं होतं एवढंच. एकोणीसशे सहासष्टचा जानेवारी होता तो. मला बाविसावं चालू होतं.

तेवढ्यात आमच्या विभागाचे प्रमुख ओझेकीसान आत आले. टोपी काढली, पुन्हा घातली. अवघड बोलायचं असलं की त्यांचं हे असं व्हायचं.

“तक्रारीची आणखी चार पत्रं आलीत,” ते म्हणाले. “मालक विचारतात, मंडळ करतं काय? संत्री खातं? तर असं ठरलंय. फेब्रुवारी संपेपर्यंत ज्या टेबलाचे पितळी पत्रे तपासणीत जास्त बाद होतील, त्या टेबलाचं माणूस पॅकिंगला जाईल. मला वाईट वाटतं. पण ठरलंय.”

कुणाच्या टेबलाचे पत्रे जास्त बाद होत होते, हे भिंतीवरच्या तक्त्यावर रोज दिसत होतं. टेबल क्रमांक तीन. तोमेसानचं.

तोमेसाननी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि बी हातावर काढून घेतली. “पॅकिंगला बसायचा खोका चांगला असतो,” त्या म्हणाल्या. “शेगडीजवळ आहे.”

ओझेकीसान गेले. कुणालाच हसू आलं नाही.

तोमेसानचं वय तेव्हा बावन्न. लढाईच्या आधीपासून त्या सूर लावत होत्या. मधली काही वर्षं कारखान्यात दुसरीच कामं झाली, त्यांचे यजमान दक्षिणेच्या बेटांवर गेले ते परतले नाहीत. मग कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि पहिल्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या पाचजणींत तोमेसान होत्या. मूल नव्हतं. घर म्हणजे एक खोली. सकाळी पावणेआठला येऊन आपलं टेबल पुसायचं आणि पाचला खरवडणी कापडात गुंडाळून ठेवायची. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात त्यांना हवं होतं ते बहुतेक सगळं त्या टेबलावर मावत होतं.

काम असं असायचं. पितळेच्या एका पत्र्यावर एकवीस पाती बसवलेली असतात. भात्याने हवा दिली की पातं थरथरतं आणि सूर निघतो. टेबलावरच्या नमुन्याच्या सुराबरोबर तो ऐकायचा. दोन सूर जुळत नसले की आवाजात हेलकावे येतात. मग खरवडणीने पातं टोकाशी किंचित खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. हेलकावे थांबले की पुढचं पातं. मला हे तोमेसाननी शिकवलं. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एक पातं इतकं खरवडलं की ते तुटून उडालं. तोमेसाननी ते जमिनीवरून शोधून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, “जपून ठेव. तुझा पहिला सूर.”

अजून आहे माझ्याकडे. सुईच्या डबीत.

त्यांच्या कानाबद्दल मला शंका आली ती आदल्या शरद ऋतूत. आमच्या खिडकीखालच्या गवतात संध्याकाळी घंटाकिडे बारीक किणकिणत. एकदा घरी निघताना मी म्हटलं, “काय छान वाजतायत नाही?” तोमेसान थांबल्या, ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “आता थंडी पडेल. यंदा ते लवकर गेले.” किडे तर कान फुटेस्तोवर वाजत होते. मी ते कुणाला सांगितलं नाही, फक्त हारुयोला. हारुयोला सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्यामुळे ओझेकीसान सांगून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जे केलं ते बोलून ठरवावंही लागलं नाही.

तोमेसान जेवण झालं की कोळशाच्या खोपटामागे जाऊन चिलीम ओढायच्या. बरोबर वीस मिनिटं. सकाळभराचे त्यांचे पत्रे टेबलावरच्या खोक्यात तपासणीला जायच्या तयारीत असायचे. तोमेसान बाहेर पडल्या की हारुयो दाराशी उभी राहायची आणि आम्ही दोघी-तिघी ते पत्रे भरभर भात्यावर लावून बघायचो. सूर चढलेला दिसला की मुळाशी एक हलका हात. चढेच असायचे बहुतेक. वाटायचं, बिचारीचे कान! वीस मिनिटांत तीस पत्रे होत. हारुयो खोकली की सगळ्या आपापल्या जागी.

“बाई गं, चोरी करतोय असं वाटतं,” कुणीतरी म्हणायचं.

“चोर घेऊन जातो. आपण देऊन येतोय,” हारुयो म्हणायची.

भिंतीवरच्या आलेखावर टेबल तीनची रेघ उतरली. त्या आलेखावर वर-खाली दोन लाल मर्यादा आखलेल्या होत्या आणि रोजचा बाद पत्र्यांचा ठिपका त्यांच्या मधे पडायला हवा. तोमेसानचे ठिपके वरच्या मर्यादेच्या बाहेर उडत असत, ते आता मधल्या रेघेवर शहाण्यासारखे ओळीने बसले. ओझेकीसान खूश. तोमेसान आलेखासमोर उभ्या राहून मान तिरकी करून बघायच्या. एकदा म्हणाल्या, “यंदा माझा हात चांगला चाललाय वाटतं.” मला त्यांच्याकडे बघवेना.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शिओमी गुरुजी आले. बारीक अंगाचे, कोटाच्या बाह्या खडूने माखलेल्या. ओझेकीसाननी त्यांना थेट आलेखापुढे नेलं.

गुरुजी आलेखाजवळ वाकले. “तीन नंबरच्या बाईंना गेल्या तीन आठवड्यांत सर्दीसुद्धा झाली नाही?”

“जी?”

“डोकं दुखलं नाही, शेजारणीशी भांडण नाही, खरवडणी बोथट झाली नाही, एखाद्या सकाळी वारा जास्त सुटला नाही. माणूस काम करतं तेव्हा ठिपके थोडे नाचतात हो ओझेकीसान. हे ठिपके नाचत नाहीत. हे फोटो काढायला बसलेत.”

ओझेकीसाननी टोपी काढली आणि पुन्हा घातली. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. गुरुजींनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“आणि पत्रं?” त्यांनी विचारलं. “बाद पत्रे कमी झाले, तर शाळांच्या तक्रारीही कमी झाल्या असतील.”

“वाढल्यात,” ओझेकीसान हळूच म्हणाले.

गुरुजी निघताना जेवणघरात आले. मी चहा ओतत होते. “किनुए,” ते म्हणाले, “पुढचा एक आठवडा मंडळाने काही सुधारायचं नाही. काहीही नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं. आणि पत्रा बाद एवढंच लिहू नका, कुठलं पातं आणि चढं की उतरलेलं, तेही लिहा.”

“आणि त्यात एखाद्याचं वाईट निघालं तर?”

“एखाद्याचं वाईट आधीच निघालेलं असतं. आपण बघतो, एवढंच.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “चहा गार आहे.”

तो आठवडा आम्ही हात लावला नाही. दुपारच्या सुट्टीत हारुयो सवयीने दाराशी जाऊन उभी राहायची आणि परत यायची. मी तपासणीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले. एकवीस रकाने, प्रत्येकाचे दोन भाग, चढं आणि उतरलेलं. प्रत्येक दोषाला एक रेघ. आमच्या लिपीत पाच रेघांचं एक अक्षर आहे, ते पुरं झालं की पाच मोजायचे आणि पुढचं अक्षर सुरू करायचं. शनिवारी संध्याकाळी मी तोमेसानचा कागद उलगडला.

पहिल्या अठरा पात्यांत सगळ्या रेघा एकाच बाजूला होत्या. चढं, चढं, चढं. जवळजवळ सारख्याच मापाने चढं. कान गेलेल्या माणसाचा हात असा नसतो, तो कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. इथे कुणीतरी मुद्दाम, मोजून, रोज एकाच जागी सूर लावत होतं. शेवटच्या तीन पात्यांत मात्र, सगळ्यात वरच्या, बारीक सुरांत, रेघा दोन्हीकडे विखुरल्या होत्या. वाऱ्याने उडालेल्या भातासारख्या.

मग मी शाळांची पत्रं काढली. ती मी आधीही वाचली होती, पण ‘जुळत नाहीत’ एवढंच डोक्यात ठेवलं होतं. अकिताच्या डोंगरातल्या एका मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं, ‘पायपेटीबरोबर मुलं वाजवू लागली की सगळा वर्ग दमल्यासारखा खाली उतरतो.’ दुसरं पत्र, तिसरं. सगळी हेच सांगत होती. सूर उतरलेले.

उतरलेले. आणि तोमेसानचे तर चढे. मग शाळांच्या तक्रारी तोमेसानच्या कशा?

सोमवारी दुपारी मी कोळशाच्या खोपटामागे गेले. डोंगरावरून येणारा कोरडा वारा हाडांपर्यंत जात होता. तोमेसान भिंतीच्या आडोशाला उकिडव्या बसल्या होत्या.

“चिलीम ओढायला आलीस?” त्या म्हणाल्या. “की आज खोक्यात हात घालायला कुणी नाही?”

मी हातातला कागद पाठीमागे नेला.

“अगं, माझे कान जरा कमी झालेत, डोळे नाही. माझी खरवडणी डावीकडून उजवीकडे जाते. तुझी उजवीकडून डावीकडे. पितळेवर रेघ राहते.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“काय बोलू? एवढ्या पोरी आपलं जेवण सोडून माझ्यासाठी धावतायत. म्हटलं, करू दे बापड्या.” त्यांनी धूर सोडला. “पण मला राग आला होता हं किनुचान. माझा चांगला सूर तुम्ही पाडत होतात.”

मी त्यांच्याशेजारी बसले आणि कागद दाखवला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला. अठरा रकान्यांवरून बोट फिरवलं. “हे चढे नाहीत,” त्या म्हणाल्या. “हे बरोबर आहेत.”

“पण यंत्राची सुई...”

“सुईला ओठ आहेत का?”

आणि त्यांनी कामाच्या झग्याखाली हात घालून लोकरीच्या पोटपट्ट्यातून एक पितळी पत्रा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ऊन होता. नुकत्याच उकडलेल्या अंड्याइतका नाही, पण माणसासारखा ऊन.

“पितळ गारठलं की सूर चढतो. ऊब लागली की उतरतो. माउथ ऑर्गन वाजवतात कशाने? तोंडाने. तोंड काय बर्फाचं असतं? म्हणून पत्रा आधी पोटाशी धरायचा, आणि मग सूर लावायचा. मला माझ्या पहिल्या मालकीणबाईंनी शिकवलं. त्या म्हणायच्या, थंड पत्र्याला सूर लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाला टोपी बसवणं.”

“मला कधी शिकवलं नाहीत.”

“तू आलीस तेव्हा अठरा वर्षांची होतीस. तुला काय सांगणार, पोटात पितळ घाल म्हणून? लग्न व्हायचं होतं तुझं.” त्या हसल्या. “आणि तेव्हा गरजही नव्हती. निशिदा आजोबा होते.”

निशिदा आजोबा आमचे जुने तपासनीस. ते प्रत्येक पत्रा तोंडाला लावून फुंकायचे. उतरलेला वाटला की परत पाठवायचे, आणि आम्ही मुकाट्याने तो चढवून द्यायचो. आदल्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि यंत्र आलं. भात्यावर चालणारं, सुईने सूर दाखवणारं. स्वच्छ होतं, झटपट होतं, आणि ते ठेवलं होतं उत्तरेच्या दाराजवळ, जिथे हिवाळ्यात शाई गोठायची. त्या गारठ्यात सुई जुळेल असे पत्रे आम्ही हजारोंनी पास करत होतो. मुलांच्या तोंडात गेल्यावर ते उतरत होते. उबेत बरोबर लागणारे पत्रे फक्त एका टेबलावर होत होते, आणि ते यंत्र बाद करत होतं. जे उरले, ते आम्ही प्रेमाने बिघडवले होते.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर हारुयो आणि मी पलीकडच्या बालवाडीत गेलो. तिथल्या बाईंनी पायपेटीवरचं खेळण्यांचं टोपलं उचलून जागा करून दिली. हारुयोने पायपेटी दाबली आणि मी फुंकले. आधी माझ्या टेबलाचा माउथ ऑर्गन. चार सूर वाजवले नाहीत तोच हेलकावे. मग तोमेसानच्या हात न लावलेल्या पत्र्यांचा. पहिल्या सुरापासून अठराव्यापर्यंत दोन आवाज असे मिसळले की पायपेटी कुठली आणि मी कुठली ते कळेना. हारुयो चक्क गप्प बसली होती.

एकोणिसावा सूर वाजवला. हारुयोने माझ्याकडे बघितलं. विसावा. एकविसावा.

“हे तीन नको सांगूस,” ती म्हणाली.

मी ते घेऊन रात्रभर कुढले वगैरे नाही, मला झोप चांगली लागायची. पण सकाळी आलेख काढायला बसले तेव्हा पट्टी अठरावर थांबली. अठरा पातीच दाखवली तर सगळं सरळ होतं. दोष तपासणीच्या जागेचा, शाबासकी तोमेसानची, टेबल तीन जिथल्या तिथे. वरचे तीन सूर कुणी विचारणार नव्हतं. आणि दाखवले, तर ओझेकीसानना पॅकिंगचं कारण माझ्याच अक्षरात मिळणार होतं. मी अठरापर्यंत ठिपके काढले आणि पुढचा कागद कोरा ठेवला. म्हटलं, जागा पुरली नाही असं सांगू.

सभा फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी झाली. त्यासाठी मुद्दाम पुन्हा आलेले गुरुजी, ओझेकीसान आणि आम्ही नऊजणी. मी सांगितलं. तक्ता, पत्रं, पोटाची ऊब, बालवाडीची पायपेटी. दुपारच्या सुट्टीत आम्ही काय करत होतो तेही सांगितलं, आणि माफी मागितली. हारुयोने खाली मान घालून माझ्याहून जास्त वेळ वाकून माफी मागितली, त्यामुळे ती रडतेय असं सगळ्यांना वाटलं. ती हसू दाबत होती, कारण ‘पोट’ हा शब्द आला तेव्हा ओझेकीसानचा चेहरा लाल झाला होता.

ओझेकीसान उठले. टोपी काढून टेबलावर ठेवली, या खेपेला पुन्हा घातली नाही. तोमेसानकडे वळून कमरेत वाकले. “मी चुकलो,” म्हणाले. “मी आधी माणूस बघितलं.”

“बसा हो,” तोमेसान म्हणाल्या. “चहा गार होतो.”

आणि त्या उठल्या. माझ्या आलेखाजवळ आल्या. जवळून, चष्मा वर सरकवून बघितलं. “किनुचान, माउथ ऑर्गनला पाती किती?”

“एकवीस.”

“इथे अठराच आहेत.”

“जागा पुरली नाही.”

“वामीला पुरली होती,” त्या म्हणाल्या. माझ्या हातातली लाल पेन्सिल घेतली आणि कोऱ्या जागेवर तीन ठिपके काढले. एक खाली, एक वर, एक मर्यादेच्या बराच बाहेर. माझा कागद त्यांनी खोपटामागे एकदाच बघितला होता. ठिपके अगदी जागच्या जागी होते. मग त्या ओझेकीसानकडे वळल्या.

“हे थंडीचं नाही. हे माझ्या कानांचं आहे. वरचे तीन सूर मला आता ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. मी बोटाला थरथर लागते तिच्यावरून अंदाजाने लावते. अंदाज कधी बरोबर येतो. कधी नाही.”

जेवणघरात शेगडीवरची किटली तेवढी वाजत होती. तीही त्यांना ऐकू येत नसणार.

“लिहिलंत तर सगळं लिहा,” त्या म्हणाल्या. “अर्धं लिहिलं तर पुढची पोरगी चुकीचं शिकेल.”

फळ्याला लावलेला कागद गुरुजींनी सरळ केला, वाकडा झाला होता तेवढा. मग ओझेकीसानना विचारलं, “अठरा सूर एका टेबलावर आणि तीन शेजारच्या टेबलावर लावले तर काय बिघडेल?”

ओझेकीसाननी विचार केला. त्यांना वेळ लागायचा, पण ते खोटं बोलत नसत. “पत्रा सरकवायला एक फळी लागेल,” ते म्हणाले.

फळी सोमवारी बसली. माझं टेबल तोमेसानच्या टेबलाला जोडलं गेलं. त्या अठरा लावायच्या, फळीवरून पत्रा सरकवायच्या, मी वरचे तीन लावायचे. यंत्र उत्तरेच्या दारापासून हललं. आणि पत्रे उबदार ठेवायला लाकडी खोकं करायचं ठरलं, आत गरम पाण्याचा डबा. पण किती ऊब?

“जेवढी तोमेसानच्या पोटाला, तेवढी,” ओझेकीसान म्हणाले आणि पुन्हा लाल झाले.

शाळेच्या प्रयोगशाळेतून तापमापक आणलं. हारुयोने पडदा धरला. आतून तोमेसानचा आवाज आला, “आधी हात शेकून घे, मेले! पोट आहे, बाजारातला मासा नाही.” पोटपट्ट्यातल्या पत्र्याजवळ पारा तेहतीस अंशांवर थांबला. तीन दिवस, रोज तीनदा मोजलं, कारण गुरुजी म्हणाले असते एकदा मोजून काय कळतं. दर वेळी तेहतीसच्या आसपास. मी कामाच्या पद्धतीच्या कागदावर लिहिलं: ‘सूर लावण्याआधी व तपासण्याआधी पत्रा तेहतीस अंशांवर ठेवावा.’ पावसाळ्यापर्यंत शाळांची पत्रं थांबली. अकिताच्या बाईंनी एक कार्ड पाठवलं, त्यावर मुलांनी काढलेली पायपेटी होती.

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. दिवसभर फळीवरून ऊन पत्रे यायचे. आम्ही फार बोलायचो नाही. कधी त्या फळीवर पत्र्याऐवजी संत्रं सरकवायच्या. पंचावन्न पुरी झाली तेव्हा त्या निवृत्त झाल्या, पावणेआठला येऊन टेबल पुसलं, पाचला खरवडणी कापडात गुंडाळली आणि ती मला दिली.

कारखान्यात पुढे नव्या मुली आल्या, नवे साहेब आले. खोक्याला विजेचा तापक लागला. त्याच्या तबकडीवर तेहतीसपाशी लाल खूण होती. एकदा एका नव्या इंजिनिअरने मला विचारलं, “हा आकडा कुठल्या पुस्तकातला?” मी म्हटलं, “जुना आहे.” त्याने बत्तीस करून बघितलं, चौतीस करून बघितलं, आणि महिन्याभराने तेहतीसवर आणून ठेवलं.

तोमेसानना मी शेवटची भेटले ते त्या पंचाहत्तरीच्या होत्या तेव्हा. तळ्याकाठी भाचीकडे राहायच्या. कारखान्याने पितळी पात्यांचे माउथ ऑर्गन बंद करायचं ठरवलं होतं, शेवटच्या खेपेतला एक मी त्यांच्यासाठी घेऊन गेले होते. जानेवारी होता, वारा तोच. भाची म्हणाली, “मावशीला आता काहीच ऐकू येत नाही हो. मोठ्याने बोललात तरी थोडंच कळतं.”

तोमेसान खाली शेगडी आणि वर रजई असलेल्या टेबलाशी बसल्या होत्या. मला बघून हसल्या. डबी उघडली, माउथ ऑर्गन काढला, उलटा करून पात्यांवरून अंगठा फिरवला. मग काही न बोलता तो स्वेटरखाली, पोटपट्ट्यात सरकवला. आम्ही संत्री सोलून खाल्ली. हारुयोला नातू झाल्याचं मी हातवारे करून सांगितलं. पाच-सात मिनिटांनी त्यांनी तो काढला आणि माझ्यापुढे धरला.

“वाजव.”

मी वाजवू लागले. त्यांनी आपली तीन बोटं लाकडाच्या पाठीवर टेकवली होती आणि डोळे मिटले होते. पहिला सूर. मान हलली. दुसरा. मान हलली. एकेक पातं त्या पूर्वीसारखं तपासत होत्या, घाई न करता, आणि मी प्रत्येक सुरावर त्यांच्यासाठी थांबत होते. अठरावा. मान हलली.

एकोणिसावा मी वाजवला, मग विसावा, मग एकविसावा. खोलीत ते सूर स्वच्छ, बारीक वाजले. भाचीनेही वळून बघितलं.

तोमेसानची बोटं लाकडावर तशीच होती. मग डोळे उघडून त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही.